पाळण्यावरची कोरी जागा

आज सकाळपासून वारा सुटला आहे. उत्तरेकडून येणारा, कोरडा, तोंड भाजणारा. त्याच्याबरोबर येणाऱ्या धुळीला इथले लोक तोझ म्हणतात. आकाश आधी पिवळट होतं, मग मातकट, आणि मग समोरच्या घराची गच्चीसुद्धा दिसेनाशी होते. अम्माने खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली आहेत, पाण्याच्या माठावर ताटली उलटी घालून वर दगड ठेवला आहे. तरी दातांखाली कचकच येतेच. आपण काही खाल्लेलं नसताना काहीतरी चावतोय असं वाटत राहतं आणि एका जागी बसवत नाही.

माझी या वाऱ्याची सवय मोडली आहे. वर्षातले बरेच महिने मी कोकणात नानीकडे राहून कॉलेजात जाते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बोटीने कुवेतला येते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी आले की लोकांना वाटतं, हिला सगळं येत असेल. कुणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला आणतं, कुणी रेडिओवरची इंग्रजी बातमी समजावून मागतं. मला निम्मं कळतं, निम्मं मी अंदाजाने सांगते आणि नंतर उगाच झुरत बसते.

काल दाऊद आला. आमच्या अंगणात दाराजवळ जी लहान खोली आहे, तिच्यात तो आणि त्याची बायको राहतात. आमच्या कोकणातलीच माणसं. तो शुऐबाच्या कारखान्यात फिटर आहे. चार दिवसांपूर्वी त्यांना मुलगा झाला.

"बाय, तू कॉलेजात शिकतेस," तो म्हणाला. "पोराला एक नवीन नाव सांग. आमच्याकडं सगळी तीच तीच नावं. एका घरात हाक मारली की चार घरांतनं माणसं बाहेर येतात."

"मधलं तर ठरलेलंच आहे," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"मधलं माझं. त्यात काय विचारायचं? पहिलं सांग."

मी म्हटलं, विचार करून सांगते. तेव्हापासून विचारच करते आहे. चांगली नावं आठवतात, नाही असं नाही. पण एक नाव ओठांवर आलं की त्याच्यामागून दुसराच एक उन्हाळा येतो, असाच वारा असलेला, आणि माझी जीभ अडते.

*

कुवेतमध्ये तोवर चालणारे रुपये जाऊन दिनार आले, तो उन्हाळा. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

अब्बा आणि त्यांचे थोरले भाऊ इब्राहिमचाचा हे दोघे आधीपासून इथे होते. चाचा आधी आले, मग त्यांनी अब्बांना बोलावून घेतलं. शहराच्या जुन्या भागात, समुद्राजवळ, एका म्हाताऱ्या अरबाचं हे मातीच्या भिंतींचं घर त्यांनी भाड्याने घेतलं होतं. मध्ये अंगण; एका बाजूला चाचा-चाचींची खोली, समोर आमची. अम्मा आणि मी त्या वर्षी पहिल्यांदाच आलो. अम्माला दिवस गेले होते.

त्या बोटीचं मला फार थोडं आठवतं, पण जे आठवतं ते अंगावर येतं. आम्ही खालच्या डेकवर होतो. अंधार, तेलाचा वास, कुणाच्या तरी कोंबड्या, आणि खालून सतत येणारी घरघर. अम्मा सगळ्या वाटेत आडवी होती. तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नव्हतं. एकदा तिने माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, "आपण माशाच्या पोटात हाव गं." मग तिने मला युनूस पैगंबरांची गोष्ट सांगितली. ते माशाच्या पोटात कसे होते, तिथल्या काळोखात त्यांनी कशी दुवा मागितली, आणि माशाने त्यांना किनाऱ्यावर कसं आणून सोडलं. गोष्ट सांगता सांगता ती पोटावरून हात फिरवत होती. "ह्याला किनाऱ्याला लागूं दे," ती म्हणाली, "ह्याचं नाव युनूस ठेवीन."

हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

पण त्या बाळाबद्दल आणखी एक गोष्ट ठरलेली होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. चाचा-चाचींना मूल नव्हतं. आम्ही निघायच्या आधी गावी दादीने चारचौघांत सांगितलं होतं, "ह्या खेपेला जे होईल ते इब्राहिमच्या ओटीत घाला. त्यानं तुमच्यासाठी काय कमी केलं?" अम्मा भाकऱ्या थापत होती. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे हो, असं आमच्या घरात समजतात. निदान सुनेच्या बाबतीत समजतात.

सगळे तिला म्हणायचे, "कुठं लांब जाणार हाय? अंगण ओलांडलं की झालं."

मी ते अंगण कितीदा तरी ओलांडून बघितलं. खरंच थोडंसंच होतं.

*

कॉलेजात सकाळी हजेरी होते. सर पूर्ण नाव घेतात: आधी माझं, मग हसन, मग आडनाव. अब्बा चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. पहिल्या दिवशी त्या मोठ्या वर्गात 'हसन' ऐकलं आणि 'हजर' म्हणायला मला उशीरच झाला. वाटलं, अब्बाच आलेत, दाराशी चपला काढून उभे आहेत, आणि आत यावं की नाही हे त्यांना कळत नाहीये. आता सवय झाली. तरी अजून कधी कधी मी मनात म्हणते, अब्बा, या, बसा.

माझं मधलं नाव लग्न होईपर्यंतचं. मुलाचं जन्मभराचं. ते कुणी निवडत नाही. ते मुलाच्या आधीच येऊन बसलेलं असतं. निवडायची असते ती फक्त पहिली जागा. अम्माचं नाव आमिना. ते मी कुठल्याच हजेरीत ऐकलेलं नाही. म्हणून मला वाटतं, आईला आपलं काही ठेवायचं असेल तर एवढी एकच जागा असते, त्या पहिल्या नावाची. मला हे नीट मांडता येत नाही. पण त्या उन्हाळ्यातलं सगळं या एका जागेभोवतीच घडलं.

*

चाचा शुवैखच्या बंदरात खोक्यांवर नावं रंगवायचे. बोटीतून माल उतरला की कुठलं खोकं कुणाचं, हे मोठ्या अक्षरांत लिहायचं काम. अरबी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरं त्यांच्या हाताला सरावाने आली होती. इंग्रजीचा अर्थ कळत नव्हता, पण वळण असं की छापलेलं वाटावं. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या नखांत काळा रंग असायचा आणि अंगाला टर्पेंटाइनचा वास.

बंदरावर त्यांना इब्राहिम कुणी म्हणत नसे. इथे अरबांमध्ये मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव घेऊन अमक्याचा बाप म्हणतात; बाप म्हणजे बू, आणि आई म्हणजे उम. ज्याला मूलच नाही त्यालाही ते तसंच सोडून देत नाहीत. काही नावांची जोडी ठरलेली असते. इब्राहिम पैगंबरांना अल्लाहचा खलील म्हणतात, म्हणजे जिवलग. त्यामुळे इब्राहिम नावाचा माणूस असला की तो बू खलील. मुलगा असो वा नसो.

तर चाचा बू खलील आणि चाची उम खलील. आणि खलील कुठेच नव्हता.

चाचा यावरून गंमत करायचे. एखादा नवा हमाल अदबीने विचारायचा, "बू खलील, खलील कसा आहे?"

"झोपलाय," चाचा सांगायचे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारायचा.

"अजून झोपलाय. लई आळशी पोर."

घरी येऊन ते हे हसत हसत सांगायचे. अब्बा हसायचे, मीही हसायचे. चाची मात्र उठून चुलीकडे जायची. चूल पेटलेलीच असायची, तरी फुंकर घालायची. दुपारी घरमालकाची बायको दारातून हाक मारायची, "या उम खलील!", म्हणजे "अगं उम खलील!", आणि चाची पदर सावरत 'आले' म्हणून लगबगीने जायची. त्या हाकेला ती कधी अडखळली नाही. मला वाटायचं, तिला सवय झाली असेल.

*

बाळ झालं ते भर दुपारी, असाच वारा असताना. मुलगा. आमच्या घरातला पहिलाच मुलगा. त्याच्या कानात अजान चाचांनी दिली. त्यांचा आवाज तसा खडा, पण त्या दिवशी मधेच तुटला आणि त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली.

सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बकरी कापायची, बाळाचं जावळ काढायचं आणि नाव ठेवायचं. त्यानंतर बाळ अंगण ओलांडणार असं ठरलं. दूध अम्माच पाजणार होती. चाचीने जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. चाचांनी आपल्या खोलीच्या तुळईत एक लोखंडी कडी ठोकली, पाळणा टांगायला. ठोकण्याचा आवाज आमच्या खोलीत येत होता. प्रत्येक ठोक्याला बाळ दचकत होतं आणि अम्मा त्याच्या छातीवर हात ठेवत होती.

ती पडून राहत नव्हती. चाची रागवायची, "आमिना, पड गं. अंग कच्चं हाय तुझं." अम्मा पडायची आणि चाची गेली की उठून बसायची. दारापर्यंत यायची, पडदा जरा बाजूला करून समोरच्या खोलीकडे बघायची, परत फिरायची. बाळाला तेल लावताना, आम्ही दोघीच असलो की, ती अगदी हळू म्हणायची, "युनूस. ए युनूस." जणू चोरून काहीतरी खात होती.

एकदा चाची दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तुझ्या मनात नसलं तर सांग. मला वाईट वाटंल. पण सांग."

अम्मा म्हणाली, "मनात काय असायचंय, भाभी?"

मला तेव्हा तिचा राग आला. आता येत नाही. विचारणाऱ्याला 'नाही' ऐकवणार नाही हे दिसत असताना 'नाही' म्हणणं किती अवघड असतं, ते आता कळतं; मला ते अजून परक्या माणसांपुढेसुद्धा जमत नाही.

अब्बा त्या दिवसांत घरात कमी आणि बाहेर जास्त असायचे. तेव्हा उत्तरेच्या सरहद्दीवर लढाई होणार अशी हवा होती. लोक रेडिओभोवती गोळा व्हायचे. राहायचं की गावी परत जायचं, याचीच चर्चा. अब्बा म्हणायचे, "जरा बातम्या ऐकून येतो."

चाची म्हणायची, "सरहद्द तुझ्या अंगणात हाय, हसन. हितली बातमी ऐक."

*

पाळणा चाचांनी स्वतः केला होता, बंदरावरच्या खोक्यांच्या फळ्यांचा. घासून घासून गुळगुळीत केलेला. समोरच्या फळीवर त्यांनी सुंदर अरबी अक्षरांत नाव रंगवलं होतं. म्हणजे पूर्ण नाव नाही. पहिली जागा कोरी ठेवली होती. मध्ये 'इब्राहिम', आणि शेवटी आडनाव. रंग सुकायला पाळणा अंगणात ठेवला होता.

अम्माला अक्षरं वाचता येत नव्हती. तिने मला विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि हसन?"

"हसन नाही."

ती परत जाऊन बाळाजवळ बसली.

त्या संध्याकाळी घरमालक बाळाला बघायला आला, खजुरांचं ताट घेऊन. तो पूर्वी मोती काढणाऱ्या गलबतांवरचा नोखदा, आमच्याकडे नाखवा म्हणतात तसा. खजूर घेऊन कितीदा तरी मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. पाळण्यापाशी तो वाकला आणि त्याने अक्षरं वाचली.

"नाम किधर है?"

"अभी रखा नहीं," चाचा म्हणाले.

"तो ये इब्राहिम कौन?"

"बाप का नाम."

नोखद्याने चाचांकडे पाहिलं, मग अब्बांकडे. "बाप तो हसन."

चाचा समजावून सांगू लागले. गावी आमच्या शेजारी एक हिंदू घर होतं. त्यांनी पुतण्या दत्तक घेतला तेव्हा गावजेवण झालं, वाजंत्री लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्या पोराचं मधलं नाव बदललं. चाचा तेव्हा त्याच वर्गात होते. "गोद में दिया तो बाप का नाम बदलता है," ते म्हणाले. "हमारे गांव में ऐसाच है."

"वो उन लोग का रिवाज," नोखदा म्हणाला. आवाज चढवून नाही. उलट फार हळू. "हमारा-तुम्हारा में नहीं. तुम पालो, खिलाओ, कंधे पर बिठाओ, अल्लाह बहुत देगा. लेकिन नाम हसन का. ये कोई नहीं बदल सकता."

चाचांनी कधी नमाज चुकवली नव्हती. पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. गावात लहानपणी जे डोळ्यांनी पाहिलं, तेच सगळ्यांचं, असं त्यांनी धरलं होतं. अब्बांना माहीत होतं का, मला कळलं नाही. ते जमिनीकडे बघत होते.

नोखदा गेल्यावर चाचांनी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि आपलं नाव पुसायला घेतलं. रंग निघाला, पण कोऱ्या लाकडात मुरलेला थोडा राहिला. ते घासत राहिले. चाची म्हणाली, "राहूं द्या आता." ते थांबले नाहीत. आमच्या खोलीचा पडदा वाऱ्याने हलत होता. त्याच्यामागे अम्मा उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

*

सातव्या दिवशी अंगणात धूळ भरली होती, तरी माणसं जमली. न्हावी वस्तरा घासत होता. बाळ चाचीच्या मांडीवर होतं. अब्बा म्हणाले, "भाई, नाव तुम्ही ठेवा."

चाचा मान वर न करता म्हणाले, "मी कशाला? बाप तू हायस."

एवढंच बोलले. न्हावी वाट बघत होता. वाऱ्याने कुठेतरी पत्रा वाजत होता. मी पडद्याजवळ होते. मला वाटलं, आता अम्मा 'युनूस' म्हणेल. तिच्याशिवाय फक्त मलाच ते नाव माहीत होतं.

आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. अम्माने चाचांशी तोवर एक शब्द थेट बोललेला मला आठवत नाही. निरोप असला तर तो माझ्या तोंडून किंवा चाचीच्या तोंडून जायचा.

"खलील," ती पडद्याआडून म्हणाली.

न्हाव्याचा हात थांबला.

"भाई, ह्याचं नाव खलील. नाव तुमचं घ्या." मग जरा थांबून, त्याहून मोठ्याने, "पाळणा माझ्या खोलीत राहूं दे."

अब्बांनी पडद्याकडे असं बघितलं, जणू त्यामागे कुणी दुसरीच बाई आहे. चाचांनी तोंडावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग न्हाव्याला म्हणाले, "काय बघतोस? घे जावळ. खलीलचं जावळ घे."

जावळ काढून झाल्यावर चाची उठली. बाळाला घेऊन आमच्या दारापर्यंत आली, पडदा बाजूला केला, बाळ अम्माच्या हातात दिलं आणि आपल्या खोलीत गेली. ती रडली की नाही हे मला माहीत नाही. तिच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही, आणि मला तेच आठवत राहतं.

त्याच दिवशी चाचांनी पाळण्यावरची कोरी जागा भरली. 'खलील', आणि मध्ये, जिथे पुसलं होतं तिथे, 'हसन'. दुसऱ्या दिवशी बंदरावर हमालाने नेहमीसारखं विचारलं, "बू खलील, खलील कसा आहे?"

"रडतोय," चाचा म्हणाले. "रात्रभर झोपू देत नाय."

तो हमाल कामच विसरून गेला म्हणे. "जागा झाला?"

"झाला," चाचा म्हणाले.

*

हे इथे संपलं असतं तर मी कदाचित शांत झाले असते. पण घरात आता दोन उम खलील झाल्या होत्या. नोखद्याची बायको दारातून हाक मारायची, "या उम खलील!" आणि चाची उठायची, अम्माही उठायची. मग दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि चाची खाली बसायची. असं काही दिवस चाललं. मग अम्माच्या हाताला नेमकं त्याच वेळी पीठ लागलेलं असायला लागलं. हाक आली की ती हात वर करून दाखवायची, "भाभी, बघा हो, माझे हात भरलेत." पीठ मळायची ती वेळ नसायची. चाचीला ते कळायचं. ती पदर सावरून जायची.

त्या तुळईतली कडी चाचांनी कधी काढली नाही. तिला आता कांद्यांची माळ टांगलेली असते.

खलील आठ वर्षांचा आहे. इंग्रजी शाळेत जातो. चाचा विचारतात, "खलील, जेवलास?" तर तो "येस" म्हणतो. अब्बांना अब्बा म्हणतो, चाचांना बाबा म्हणतो. झोप येईल त्या खोलीत झोपतो, आणि सकाळी दोन्हीकडचा चहा पितो. त्याला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतं, सगळ्यांनाच दोन खोल्या असतात.

आणि मी विचार करत राहते. अम्माने मूल राखायला नाव दिलं. की नाव देऊन चाचांची ओटी भरली आणि चाचीची रिकामी ठेवली? कॉलेजात आम्हांला निबंध शिकवताना सांगतात की दोन्ही बाजू मांडा आणि शेवटी आपलं मत द्या. मला शेवटी येताच येत नाही. हे घर आता पाडणार आहेत, जुना भाग सगळाच पाडतायत. नोखदा तर कधीच नव्या वस्तीत राहायला गेला. घर गेलं की ते अंगणही जाईल. मग कुणी काय ओलांडलं आणि काय नाही, हे दाखवायला जागासुद्धा उरणार नाही.

आज सकाळी फडकी पिळता पिळता मी अम्माला विचारलंच. "अम्मा, युनूसचं काय झालं?"

तिला लगेच कळलं. हातातलं फडकं तिने पुन्हा पाण्यात बुडवलं, पुन्हा पिळलं.

"युनूस?" ती म्हणाली. "तो बोटीतच राहिला गं." आणि हसली. हसताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

*

दुपारी चाचांनी माळ्यावरून पाळणा काढला. दाऊदच्या बाळासाठी. कोरड्या फडक्याने पुसला, जुन्या नावावर पांढरा हात दिला आणि ओसरीत, धूळ येणार नाही अशा कोपऱ्यात, रंगाचा डबा उघडून बसले. त्यांचा हात पूर्वीसारखा राहिला नाही. कुंचला धरला की जरा थरथरतो. पांढऱ्या रंगाखाली 'हसन' दिसतं, आणि नीट बघितलं तर त्याच्याही खाली, लाकडात, 'इब्राहिम'.

ठरलेलं होतं म्हणून त्यांनी आधी मधलं नाव लिहिलं. दाऊद. पहिली जागा कोरी.

"बाय, सांग लवकर," ते म्हणाले. "रंगावर साय धरते. काय लिहू?"

दाऊदही उभा होता. "हां, सांग. नवीन पाहिजे बघ."

माझ्याकडे नावं होती. चांगली, सोपी, नवीन. मी सांगितलं असतं ते त्यांनी लिहिलंही असतं, कारण मी कॉलेजात शिकते. पण मला सांगता येईना. मी दाराजवळच्या खोलीकडे बघितलं. पडदा ओढलेला होता. आत दाऊदची बायको बाळाला घेऊन पडली होती. आम्ही बोलत होतो ते सगळं तिला ऐकू जात असणार.

"चाचा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच लहान वाटला, "तिला विचारलंत?"

"कुणाला?" दाऊद म्हणाला. "तिला? ती काय म्हणणार? तिला सगळं चालतं."

चाचांनी कुंचला डब्याच्या काठावर आडवा ठेवला. आमच्या खोलीच्या दारात अम्मा येऊन उभी राहिली होती, हातात ओलं फडकं घेऊन. चाचांनी एकदा तिकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, पाळणा उचलायला लागले. मी दुसरी बाजू धरली. ओला रंग अंगाला लागू नये म्हणून दोघेही हळूहळू चालत, वाऱ्यात डोळे बारीक करून, आम्ही तो अंगणातून पलीकडे नेला.

पडद्यासमोर पाळणा ठेवला. चाचा खाली बसले. कुंचला बुडवून कोऱ्या जागेपाशी धरला आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाले,

"बोल, बाय. तुझ्या मनात काय हाय?"

कुंचल्याच्या टोकावरून रंगाचा एक थेंब खाली पडला. चाचांनी हात मागे घेतला नाही.

मग आतून तिचा आवाज आला.